दुधाचा हिशोब आणि साखर

शिरूर अनंतपाळच्या आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत २००९ ते २०१८ या दहा वर्षांची 'कालनिर्णय' ठेवलेली आहेत. जुने कॅलेंडर वह्यांना पुठ्ठे घालण्यासाठी वापरून टाकायचे, ही घरातली रीत. ही दहा मात्र आईने कोणाला फाडू दिली नाहीत. तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहिण्याची पद्धत मराठी घरांना नवी नाही. गवळ्याने किती माप घातले, कोणत्या दिवशी नागा पडला, महिन्याचे किती झाले, हे सगळे त्या एवढ्याशा जागेत मावते. आईच्या चौकोनांत दुधाच्या खाली लाल शाईने आणखी एक आकडा असे. १८६, २४०, १३२. तो तिच्या रक्तातल्या साखरेचा.

मधुमेह निघाला तो २००६ साली. त्या वेळी लातूरला एका दवाखान्यात तिला एक छापील कागद मिळाला. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद. शेवटच्या ओळीत 'नियमित व्यायाम'. चौथी शिकलेल्या आईने तो कागद अक्षर लावून वाचला आणि देवघराच्या फळीवर ठेवून दिला. तिथे तो देवासारखाच राहिला, म्हणजे रोज नमस्कार झाला आणि वागणे आपल्या मनाप्रमाणे चालले. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. 'बंद' या शब्दापुढे माणसाला करण्यासारखे काही उरतच नाही. तो पाळायचा किंवा मोडायचा, एवढेच.

ग्लुकोमीटर आला २००९ मध्ये. मीच आणून दिला, आणि खरे सांगायचे तर माझी अपेक्षा होती की महिन्याभरात तो त्या कागदाशेजारी जाऊन बसेल. तसे झाले नाही. स्ट्रिपा महाग आहेत हे कळल्यावर तिने त्या तेलासारख्या पुरवून वापरायला सुरुवात केली. रोज तपासायचे नाही; जिथे शंका आहे तिथेच तपासायचे. आज ज्वारीची भाकरी एकच खाल्ली, आज दीड खाल्ली. आज रानात जाऊन आले, आज पाय दुखत होता म्हणून ओसरीवरच बसले. एकादशीच्या चौकोनात २९० असा आकडा सापडतो आणि त्यानंतरच्या एकादशीला 'साबु नाही' अशी दोन शब्दांची नोंद. उपवास तिने सोडला नाही, साबुदाणा सोडला. येळवशीचे तिचे गणित तर मला फार आवडे. आमच्याकडे लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळे गाव रानात जेवते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर. त्या दिवशी खीर खायचीच, असे तिने ठरवले होते. मग आदले दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस ती काय खायची हे चौकोनांत लिहिलेले आहे. येळवशीच्या चौकोनात आकडा नाही. त्या दिवशी तिने स्ट्रिप वाया घालवली नाही.

पुढे तपासणीला जाताना ती कॅलेंडर गुंडाळून सोबत नेऊ लागली. पहिल्या डॉक्टरांनी ते हातात घेतले नाही. "बाई, रिपोर्ट आम्ही बघतो, हे राहू द्या घरी." आवाजात तुच्छता नव्हती, घाई होती, बाहेर साठ माणसे बसली होती. दीड वर्षाने आम्ही दवाखाना बदलला, तेही दुसऱ्याच कारणाने. तिथल्या डॉक्टरांनी चष्मा लावून चार महिने उलटसुलट पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि संध्याकाळची गोळी अर्धी केली. पहाटे साखर फार उतरते हे त्यांच्या प्रयोगशाळेच्या कागदावर कधीच दिसले नसते, कारण तिथे रक्त सकाळी दहाला घेत. आई परतीच्या जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "ह्यो डॉक्टर वाचतो."

मधुमेह हा मुळातच रुग्णाच्या हाती असलेला आजार. बोस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन यांना हे इन्सुलिनच्या आधीच कळले होते. त्यांनी १९१८ साली मधुमेहावर एक हस्तपुस्तिका काढली आणि ती डॉक्टर व रुग्ण या दोघांच्या परस्पर उपयोगासाठी असल्याचे तिच्या नावातच सांगून टाकले. लघवी स्वतः तपासा, खाल्लेले मोजा, वहीत लिहा. औषधच हाती नव्हते, तेव्हा रुग्णाला शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे कोणी म्हणेल. पण इन्सुलिन आल्यानंतरही त्यांनी ते शिकवणे सोडले नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये आले. खेड्यांत राहून काम करायला शिकलेल्या परिचारिका मिळेनात, तेव्हा त्यांनी गावांनीच निवडलेल्या बायका घेतल्या. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, आपल्या गावात काय झाले ते एकमेकींना सांगायच्या आणि परत जायच्या. बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा ओळखणे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने एकोणचाळीस गावांत हेच आणखी एका पायरीने पुढे नेले. गावातल्या आरोग्यदूत बाईने नवजात बाळाला घरीच तपासायचे, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचे. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. डॉक्टरी ज्ञानाचा केवढा भाग कुलूप लावून ठेवण्याची काहीच गरज नव्हती, हे या दोन ठिकाणी दिसले. जामखेडला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, गडचिरोलीची पद्धत देशभरच्या 'आशा' कार्यकर्त्यांपर्यंत गेली. पण ज्या दवाखान्याच्या बाकावर आपण बसतो तिथे त्याचा वास पोहोचला, असे मला तरी दिसलेले नाही.

रुग्णाला अधिक जबाबदारी द्यावी, असे अलीकडे सगळेच म्हणतात. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने आरोग्य-बचत खाती आली, त्यामागचा युक्तिवाद असा होता की माणूस स्वतःचे पैसे खर्च करू लागला की डोळसपणे उपचार निवडतो. हा युक्तिवाद वाचताना मला हसू आले. आमच्याकडे माणूस पिढ्यानपिढ्या स्वतःचेच पैसे खर्च करत आला आहे. बैल विकून, दागिना गहाण ठेवून, एकरभर रान खरेदीखताने दुसऱ्याच्या नावावर करून. त्याने तो डोळस झाला का? जबाबदारी म्हणाल तर आमच्या नातेवाइकांवर तिचा डोंगरच आहे. जीप ठरवायची, रक्तदाते गोळा करायचे, चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात धावायचे, नमुना प्रयोगशाळेत पोहोचवायचा, व्हरांड्यात सतरंजी टाकून रात्र काढायची आणि मध्यरात्री कोणी इंग्रजी छापील कागद पुढे करून "सही करा" म्हणाले की सही करायची. गावात मास्तर म्हणून असे कागद वाचून दाखवायला मला अनेकदा बोलावले गेले आहे. 'होणाऱ्या परिणामांची आम्हाला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे,' या वाक्याचा मराठी अर्थ मी सांगितला की समोरचा माणूस माझ्याकडे पाही, कारण ती कल्पना त्याला त्या क्षणी पहिल्यांदा येत असे.

म्हणजे ओझे आहे, अधिकार नाही. इथपर्यंत माझे म्हणणे सरळ होते आणि मी ते व्याख्यानांतून दोन-चारदा ऐटीत मांडलेही होते. अडचण पुढे आली.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. दुर्बिणीतून जे दिसले त्यावरून डॉक्टरांना गर्भाशय व बीजकोश काढावेत असे वाटले. बाहेर तिची वृद्ध आई बसली होती, तिची संमती घेतली आणि काढून टाकले. न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान आहे, काही वेळात शुद्धीवर येणार आहे, जिवावरचे संकट नाही. तेव्हा आईची संमती ही संमती नव्हे. निकाल वाचून मी मनोमन टाळी वाजवली होती. डॉक्टरांची मनमानी उघडी पडली, असा मी त्याचा अर्थ घेतला. त्या गोष्टीत बाहेर बसलेले एक नातेवाईकही होते, इकडे माझे लक्ष गेले नाही.

बीडचे उदाहरण यापुढचे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये तरुण वयातच काढली जातात, याचा बोभाटा २०१९ मध्ये झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कोणाला कर्करोगाची भीती घातली होती, कोणाला पाळीच्या दिवसांतला खाडा आणि मुकादमाचा दंड परवडत नव्हता. मग उपाय काय झाला? खाजगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेतल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असे ठरले. या उपायाची मला चेष्टा करायची नाही. त्याने शस्त्रक्रियांना आळा बसला असेल तर तो चांगलाच. पण पाहा, निर्णय एका डॉक्टराच्या टेबलावरून उठला तो दुसऱ्या डॉक्टराच्या टेबलावर जाऊन बसला. त्या बाईला गर्भाशय म्हणजे काय, ते काढल्यावर हाडांचे काय होते, पांढरे जाण्यावर साधे औषध काय, हे बसून सांगण्याचे काम मधल्या मधेच राहिले. सांगितले असते आणि तरीही तिने काढाच म्हटले असते, तर? उसाच्या फडात पाळीच्या चार दिवसांना जागा नाही, हे ती कोणत्याही डॉक्टरापेक्षा चांगले जाणते.

आता माझे. आईच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचे २०१५ च्या पावसाळ्यात कळले. क्रिएटिनिन वाढले होते. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितले, आणि जाताना म्हणाले, "त्यांना लगेच सांगू नका, घाबरतील." मला ते पटले. इतके पटले की मी त्यांच्याही पुढे गेलो. रिपोर्टचा तो कागद फाइलमधून काढून लातूरला माझ्या कपाटात ठेवला. भावाला सांगितले, बहिणीला सांगितले, पुण्याच्या आतेभावाला फोन करून त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांचे मत घेतले. महिन्याभरात ही गोष्ट घरातल्या नऊ जणांना ठाऊक होती. जिची मूत्रपिंडे होती तिला नव्हती. तिला मी म्हणालो, "काही नाही, थोडी गोळी बदललीय."

चार महिन्यांनी तिने मला विचारले. रागावली नव्हती. जेवण वाढत होती. "लेकरा, कागुद माजा, दुखणं माजं, आन् मला सोडून समद्यांला ठाव हाय व्हय?" तिला कळले कसे, तर मिठाचे माप कमी करा असे सुनेला सांगितले गेले होते आणि साखर ठीक असताना मीठ कशाला कमी, हा प्रश्न तिला पडला. दहा वर्षांचे आकडे तिने लिहिले होते. एक आकडा कमी आहे हे तिला कळणारच. त्या चार महिन्यांत ती गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेत होती. मूत्रपिंडे बिघडलेली असताना त्या गोळ्या घेऊ नयेत, हे डॉक्टरांनी मला सांगितले होते. मी तिला सांगणार कसा? कारण सांगावे लागले असते. त्या गोळ्यांनी किती नुकसान झाले हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि मी कोणाला विचारलेही नाही.

डायलिसिस सुरू झाले ते २०१६ च्या फेब्रुवारीत, आठवड्याला दोनदा. खर्चाची बाजू महात्मा फुले योजनेने, म्हणजे तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेने, उचलली. तिथल्या आरोग्यमित्राच्या खिडकीपाशी मी पुष्कळ सकाळी घालवल्या. त्याच उन्हाळ्यात लातूरला पाण्याची गाडी आली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. आईला दिवसाला लिटरभर पाण्याची मुभा होती, ती तांब्यात मोजून घेई आणि म्हणे, "गावाला बी मोजून, मला बी मोजून." एकदा तिने मला विचारले की या मशीनला एका बारीला पाणी किती लागते. मी म्हणालो, थोडेच. तिने माझ्यावर विसंबणे एव्हाना सोडले होते. मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञ मुलाला विचारले, आणि त्याने सरळ हिशोब मांडून दाखवला: मिनिटाला अर्धा लिटर, चार तास. शिवाय पाणी शुद्ध करताना वाया जाते ते वेगळे.

त्या वर्षाचे एप्रिलचे पान मी तिच्या मागे उघडले तेव्हा सोमवार आणि गुरुवारच्या चौकोनांत लाल शाईने १२० लिहिलेले दिसले. साखर एवढी चांगली कशी, या विचाराने मी क्षणभर सुखावलो. मग लक्षात आले की ती साखर नव्हे, ते लिटर आहेत.

पुढे २०१८ च्या फेब्रुवारीअखेर ती म्हणाली, "आता बास." नीट विचार करून म्हणाली, शुद्धीत, दुपारी, चहा घेताना. हाताची शीर दोनदा बंद पडली होती, डायलिसिसनंतरचा दिवस अंथरुणातच जाई. थांबलो तर किती दिवस, हेही तिने त्या तंत्रज्ञाला विचारून ठेवले होते. आम्ही भावंडांनी ऐकून घेतले नाही. डॉक्टरांशी बोललो, तेही बाहेर, दाराशी. त्यांनी "तुम्ही ठरवा" म्हटले आणि आम्ही ठरवले. ९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, आणि सज्ञान, शुद्धीतल्या माणसाला उपचार नाकारता येतात, असे त्यात होते. तो मी वर्तमानपत्रात वाचला डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसून. ती आत होती. घडी घालून पिशवीत ठेवला. आणखी सात आठवडे आम्ही तिला नेत राहिलो. ती जीपमध्ये चढताना काही बोलत नसे. कॅलेंडरवर त्या सात आठवड्यांत दूधही लिहिलेले नाही.

तेव्हापासून कागदावर पुष्कळ सुधारणा झाल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून अशी सनद दवाखान्यात लावणे बंधनकारक केले. मागितल्यावर ७२ तासांत आपल्या नोंदी मिळाल्या पाहिजेत, हा नियम तर २००२ पासूनचा आहे. मी पाहिलेल्या एका दवाखान्यात सनद लावलेली आहे, पण रांगेची पाठ तिच्याकडे असते. तिच्यात माहितीचा हक्क, संमतीचा हक्क, गुप्ततेचा हक्क, सगळे आहे. ती डॉक्टरांना आणि दवाखान्याला उद्देशून आहे. मुलाला उद्देशून तिच्यात काही नाही, आणि असणार तरी कसे? माझ्यासारख्या माणसावर कोणता नियम लागू होणार? मी तर प्रेमाने वागत होतो.

जामखेडच्या त्या बायकांविषयी मी पूर्वी बोलत असे तेव्हा ज्ञान डॉक्टरांकडून गावाकडे जाते, असे चित्र काढीत असे. आता वाटते की मधल्या एका थांब्याविषयी मी बोललोच नाही. ते घराच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि शिकलेल्या माणसाच्या खिशात राहते. आमच्या घरात तो माणूस मी होतो. चौथी शिकलेली बाई दहा वर्षे स्वतःच्या शरीराची नोंद ठेवू शकते, गोळीतली चूक डॉक्टरांच्या लक्षात आणून देऊ शकते, हे मी कौतुकाने चारचौघांत सांगत होतो आणि त्याच वेळी तिच्या फाइलमधला कागद माझ्या कपाटात होता.

गेल्या वर्षी माझीही साखर निघाली. मुलगा सोबत आला होता. डॉक्टरांनी मला तपासले आणि मग त्याला बाहेर बोलावले. काचेच्या दारातून दोघे बोलताना दिसत होते. मुलगा मान हलवत होता. मी स्टुलावर बसलो होतो. राग यायला हवा होता. आला नाही. उलट, हे कोणीतरी दुसरे सांभाळते आहे याचे बरे वाटले, चक्क बरे वाटले, आणि आईलाही कधी असे वाटले असेल का, हे तिला विचारायचे राहूनच गेले, हे तिथे बसल्या बसल्या ध्यानात आले. मुलगा आत येऊन म्हणाला, "काही नाही बाबा, रोज एक गोळी घ्यायची."

फाइल मी दोन दिवस उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली. उपाशीपोटी २१२. आमच्याकडे आता दूध पिशवीचे येते, रोज एकच, म्हणून कॅलेंडरवरचे चौकोन रिकामे असतात. त्या दिवशीच्या चौकोनात तो आकडा लिहिला.